चावीच्या आधी तेल

माझ्या गॅरेजात इंजिनाचं काम द्यायचं असेल तर एक अट आहे, आणि ती मी गाडी आत घ्यायच्या आधीच सांगून टाकतो. इंजिन बांधून झालं की पहिली चावी मी सांगेन तेव्हा मारायची. तुमचा मुहूर्त असो, पाहुणे येऊन बसलेले असोत, नारळ धरून हात अवघडलेला असो. ज्याला पटत नाही त्यानं गाडी दुसरीकडं न्यावी. बारामतीत गॅरेजं पुष्कळ आहेत, आणि गोड बोलणारे मिस्त्रीही.

असं तोडून बोललेलं लोकांना लागतं. लागू दे. मला पण बरंच काही लागलेलं आहे. मी बी.एस्सी. आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आजोबांच्या पिढीनं धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शाळेला देवापेक्षा जास्त मान. वडिलांनी एमआयडीसीतल्या डेअरीत दुधाचे कॅन धुवून मला शिकवलं. पदवी घेऊनही मी शेवटी गॅरेजच टाकलं, तेव्हा ओळखीपाळखीचे म्हणाले, "एवढं शिकून हात काळेच करायचे होते तर फी कशाला भरली?" आणि गॅरेजवाले म्हणाले, "आला पुस्तकातला मिस्त्री." दोघांना मी एकच सांगतो, हात माझे आहेत, पदवी पण माझीच आहे. मी ती कुणाच्या परवानगीनं घेतली नाही, आणि वापरायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

आता त्या अटीचं कारण सांगतो.

नव्यानं बांधलेल्या इंजिनात वरून तेल ओतलं म्हणजे ते सगळीकडं पोचलं, असं होत नाही. ते सरळ खाली तळाच्या चेंबरमध्ये जाऊन बसतं. तिथून ऑईल पंपानं ते ओढायचं, फिल्टरमधून ढकलायचं, मग क्रँकच्या बेअरिंगांना द्यायचं, मग पार वर, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत चढवायचं. बांधलेल्या इंजिनात ह्या सगळ्या वाटा कोरड्या असतात. त्या भरायच्या आत चावी मारली तर लोखंड लोखंडावर कोरडं फिरतं. खडखड आवाज येतो, चार-पाच सेकंदांत थांबतो, आणि जमलेले लोक म्हणतात, "बघा, झालं गप." गप होतं खरं. पण तेवढ्यात बेअरिंगवर ओरखडे उठलेले असतात, आणि ते पुढं कधीतरी रस्त्यात गाडी उभी करतात. म्हणून आधी तेल पाजायचं, मग चावी. एवढी साधी गोष्ट.

साधी, पण कुणी करत नाही. मी ज्यांच्याकडं काम शिकलो ते इंदापूरचे मिस्त्रीही करत नव्हते. कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या आणि नंतरची तीन वर्षं मी त्यांच्याकडं काढली. नुसता हात फिरवून सिलिंडरचा लायनर किती घासलाय ते सांगणारा माणूस. पण पहिल्या चावीची त्यांची रीत एकच: तेल वता, देवाचं नाव घ्या, मारा चावी. मी एकदा हळूच विचारलं होतं, तर म्हणाले, "चाळीस वर्सं आसंच करतोय. तुज्या फिजिक्सचं वय किती?"

मी परत पाना उचलला. पुढं स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि पहिलंच पुरं इंजिन आलं ते कऱ्हाटीच्या आबांच्या जीपचं.

आबा सत्तरीचे. धोतर, टोपी, आणि बोलणं मोजकं. वांगी, गवार, कोबी जे निघेल ते जीपमध्ये टाकून स्वतः बारामतीच्या मार्केटला आणायचे. त्यांनी इंजिन आधी एकदा दुसरीकडं बांधून घेतलं होतं. पहिली चावी मोठ्या थाटात, पेढे वाटून मारली. पंधरवड्याच्या आत इंजिन जाम झालं आणि जीप ट्रॅक्टरला बांधून घरी न्यावी लागली. त्यानंतर ज्यानं त्यानं सांगितलं, भंगारात घाला. आबा ऐकेनात. "ह्या गाडीतनं माज्या तिन्ही लेकी नांदाय गेल्यात," एवढंच म्हणायचे. फिरत फिरत माझ्याकडं आले, कारण दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. हेही मी लपवत नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून आले नव्हते.

मी इंजिन खोललं आणि ब्लॉक बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठे करायला, नेला. बोअरवाल्यानं मोजमाप घेतलं आणि म्हणाला, "हा शेवटचा. याच्यापुढं बोअर नाही. आता ओरखडा आला तर ह्यात तुळस लावा." क्रँकचंही तसंच, शेवटच्या मापापर्यंत घासलेला. म्हणजे हे इंजिन आता एकदाच बांधता येणार होतं. चुकलं तर आबांची गाडी कायमची गेली. आणि माझं पहिलंच इंजिन आबांच्या वाड्यात मेलेलं उभं राहिलं असतं तर कऱ्हाटीपासून सुप्यापर्यंत कुणी मला पंक्चर काढायलाही गाडी दिली नसती.

तेल पाजायला मी एक जुगाड केला होता. फवारणीचा छोटा पंप असतो, दट्ट्यानं हवा भरून मारायचा, तो नवाकोरा आणला. नळीच्या टोकाला नोझल काढून एक निप्पल बसवला, जो तेलाचा दाब दाखवणारा काटा इंजिनाला जिथं लागतो त्या भोकात नीट बसेल. पंपात तेल भरायचं, हवा भरायची आणि दाबानं तेल थेट इंजिनाच्या वाटांत सोडायचं. ह्यात फार अक्कल लागत नाही. पण ती लावायची तयारी लागते.

इंजिन बसवून झालं त्या दिवशी आबा सकाळीच आले. हातात पिशवी, पिशवीत नारळ, उदबत्ती, हळदकुंकू. सोबत त्यांचा मेहुणा. मेहुण्याची इंदापूरकडं डाळिंबाची बाग, गळ्यात जाड साखळी, तोंड एक मिनिट बंद नाही. मी इंदापूरच्या मिस्त्रींनाही बोलावलं होतं. पहिलं इंजिन म्हणून मान, आणि खरं सांगायचं तर दोन डोळे जास्त असावेत म्हणून. ते एसटीनं आले आणि येताच जीपभोवती एक फेरी मारून स्टुलावर बसले.

आबा म्हणाले, "तीन वाजता अवस लागतीया. त्याच्या आत चावी झाली पायजे."

"होईल," मी म्हणालो. अकरा वाजले होते. अमावस्या लागायला चार तास होते आणि माझं काम तासाचं.

तेलाचा डबा मी उन्हात ठेवला होता, पातळ व्हायला. ते पंपात भरलं, नळी जोडली, वरचं झाकण काढून रॉकर उघडे ठेवले आणि हवा भरायला लागलो. मेहुणा वाकून बघत होता.

"हे काय? इंजिनावर मावा पडलाय का?"

"तेल पाजतोय."

"दाजी, बघा की!" तो आबांना म्हणाला. "आमी डाळिंबावरचा तेल्या रोग जावा म्हणून फवारतो, हा तेल्या यावा म्हणून फवारतोय."

मिस्त्रींच्या मिशा हलल्या. आबा हसले नाहीत. मी दट्ट्या मारत राहिलो, एका हातानं पान्यानं क्रँक हळूहळू फिरवत. पाच मिनिटं काही झालं नाही. मग पहिल्या रॉकरच्या भोकातून तेलाचा एक थेंब आला, फुगला, ओघळला. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटच्या रॉकरपर्यंत तेल आलं तेव्हा सगळेच वाकून बघत होते, मेहुणासुद्धा.

"आलं!" आबा म्हणाले आणि पिशवीतून नारळ काढला.

"थांबा," मी म्हणालो.

"आता काय?"

"आबा, हे तेल माझ्या पंपानं चढवलंय. आता इंजिनाचा स्वतःचा पंप ओढतोय का ते बघायचं. तो नाही ओढला तर आत आहे तेवढं तेल मिनिटात संपेल, आणि पुन्हा कोरडं."

मी नळी काढली, काटा बसवला. स्टॉपची केबल ओढून बांधून टाकली, म्हणजे डिझेल बंद. इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मग सेल्फ मारला. दहा सेकंद. इंजिन घूं घूं फिरलं. काटा शून्यावर.

थोडं थांबून पुन्हा दहा सेकंद. शून्य.

मेहुणा म्हणाला, "लागंना व्हय? धक्का देऊ?"

"लागू द्यायचंच नाहीये. तेलाचा दाब बघतोय."

"कुठाय दाब?"

तोच तर प्रश्न होता. मी तिसऱ्यांदा मारला, चौथ्यांदा मारला. मध्ये बॅटरी उतरली, ती काढून दीड तास चार्जिंगला लावली. काटा मेल्यासारखा. रस्त्यावरून एमआयडीसीच्या दुसऱ्या पाळीची मोटरसायकलींची रांग चालली होती. त्यातले दोघंतिघं ओळखीचे गाडी हळू करून बघायला लागले. कुणी ओरडलंच, "काय सायंटिस्ट, लागंना का?"

दोन वाजून गेले होते. आबा उन्हात नारळ धरून उभे. ते घड्याळाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते, आणि ते जास्त अवघड होतं.

मिस्त्री स्टुलावरून उठले. काट्यावर नख मारलं. "काटा खराब आसंल. नवा काटा कवा खरं बोलतो? वरपातुर तेल दिसलंय डोळ्यांनी. पाच सेकंद चालू कर, पंप आपोआप वढंल. सेल्फवर इंजिन फिरतंय किती? त्या फिरण्यावर पंपाला जीव न्हाय."

हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. कोरडा पंप हळू फिरवल्यावर कधीकधी ओढत नाही, वेगानं फिरला की ओढतो. म्हणून मी पंप बसवताना त्यात आधीच तेल भरून बसवला होता. पण समोर चाळीस वर्षं उभी होती, आबा उभे होते, अवस उभी होती. पाच सेकंद. माझा हात केबलकडं गेला होता.

मग मी चावी काढून घेतली.

"नाही. काटा उठल्याशिवाय मी मारणार नाही."

मेहुणा तडकला. "आवो, मुहूर्त टळतोय! तुमच्यात बघत न्हाईत, पण आमच्यात बघत्यात."

आबांनी मेहुण्याकडं बघितलं. मिस्त्रींनी तंबाखूची पुडी काढली आणि नुसतीच हातात धरली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. शाळेत, होस्टेलात, भाड्याची खोली बघताना, "तुमच्यात" हा शब्द वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय. पूर्वी मी मान खाली घालायचो. नंतर चिडायचो. त्या दिवशी दोन्ही केलं नाही.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. आमच्यात तेल बघतात. तुमची गाडी आहे, ओढून न्यायची तर आत्ता न्या, अडवत नाही. पण माझ्या हातानं कोरडी चावी बसणार नाही."

आबांनी नारळ बॉनेटवर ठेवला. "च्या पिऊन येतो," म्हणाले आणि मेहुण्याला घेऊन रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेले.

राहिलो आम्ही दोघं, मी आणि मिस्त्री. मी दुसऱ्या चालू गाडीचा काटा काढून लावला. शून्य. म्हणजे काटा खरं बोलत होता. मग फिल्टर काढला. हातात घेताच कळलं, हलका. आत कोरडा. पंपापासून फिल्टरपर्यंत तेल आलंच नव्हतं. फिल्टर ज्यावर बसतो ते हाउसिंग चार बोल्ट काढून बाजूला केलं. ब्लॉकवर दोन भोकं असतात, एकातून तेल येतं, दुसऱ्यातून आत जातं. दुसरं भोक मोकळं होतं. पहिल्यात काहीतरी होतं. काळपट, तेलकट, अगदी काठाला काठ लावून बसलेलं, जसं काही ब्लॉकच्या लोखंडाचाच भाग आहे. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो आत रुतला.

भेंड.

ज्वारीच्या धाटाच्या आतलं पांढरं, मऊ भेंड. लहानपणी त्याचे बैल आणि गाड्या करतात तेच. ब्लॉक धुवून आणला की त्याची सगळी भोकं बुजवून ठेवावी लागतात, नाहीतर आमच्याकडचा वारा असा आहे की तासाभरात आत माती. चिंधीनं बुजवलं तर दोरे आत राहतात, कागद तेलानं गळतो. इंदापूरच्या मिस्त्रींची युक्ती होती भेंडाची: भोकाच्या मापाचा तुकडा कापायचा, दाबून बसवायचा, काठाला ब्लेडनं छाटायचा. धाग्याची कटकट नाही, फुकट मिळतं. मीही तेच केलं होतं, माझ्या हातानं. जोडताना एकेक करून काढलेही होते. सगळे काढले असं मी छातीठोकपणे सांगितलं असतं. हा एक तेल पिऊन काळा झाला, लोखंडासारखा दिसला आणि त्याच्यावर मी नवं गॅस्केट टाकून हाउसिंग आवळलं. हाउसिंगचं भोक जरा लहान, त्यामुळं पंपाचा दाब येऊनही त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

मी तो चिमट्यानं ओढून काढला. पाठोपाठ पंपानं अडवून धरलेलं तेल भळकन बाहेर आलं आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

मिस्त्री जवळ येऊन बघत होते. त्यांनी रस्त्यापलीकडं नजर टाकली. आबा आणि मेहुणा पाठमोरे बसले होते.

"खिशात घाल," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"खिशात घाल म्हंतो. हाउसिंग लाव. काटा बदलला म्हणून सांग. आता दाब यील, चावी मार, नारळ फुटंल. कुणाला कळायचं न्हाय. पयलंच इंजिन हाय तुजं. तोंडानं आपलं नाक कापू नको."

त्यांनी हे माझ्या भल्यासाठीच सांगितलं. आणि मी ते ऐकून क्षणभर खिशाकडं हात नेला, हेही खरं आहे. खोटं कशाला सांगू? मघाशी एवढं ताठ बोललो होतो, तुमच्यात-आमच्यात झालं होतं, आणि आता त्याच माणसासमोर जाऊन म्हणायचं की चूक माझी. मेहुणा काय बोलेल ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

पण मग वाटलं, हा तुकडा मी खिशात घातला तर मुहूर्तावर कोरडी चावी मारून पेढे वाटणाऱ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? आणि दुसरं, जास्त साधं: एक राहिला होता, म्हणजे दुसरा राहिला नसेल कशावरून?

मी तळहातावर भेंड ठेवलं, तेलानं माखलेल्या हातानंच रस्ता ओलांडला आणि टपरीवर आबांच्या समोर हात धरला.

"हे तेलाच्या वाटेत होतं. मीच बसवलेलं, धूळ जाऊ नये म्हणून. काढायचं राहिलं. चूक माझी."

मेहुणा आधी वाकून बघत राहिला, मग खो खो हसला. बशीतला चहा आबांच्या धोतरापर्यंत उडाला. "बीएस्सी झाला तरी भेंडाच्या गाड्या सुटंनात! दाजी, आत बैल पन आसतील, बघा!"

टपरीवाला हसला. चहाला थांबलेले मोटरसायकलवाले हसले. मी हात तसाच धरून उभा राहिलो. हसून संपेपर्यंत उभं राहायचं ठरवलं होतं.

आबा हसत नव्हते. त्यांनी भेंड दोन बोटांत धरून दाबलं, वास घेतला.

"मंजे मगाशी चावी मारली आसती तर?"

"तर इंजिन गेलं असतं. आज नाही तर चार दिवसांत."

"कुणामुळं?"

"माझ्यामुळं."

"आन मारली न्हाय ती कुणामुळं?"

"तेही माझ्यामुळंच," मी म्हणालो. मला नम्रपणा जमत नाही. खरं होतं ते बोललो.

मेहुणा म्हणाला, "दाजी, टोचन लावा आन गाडी न्या. शाळा कराय आलो न्हाय आपुन."

आबांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "आत आनखी न्हाय ऱ्हायलं कशावरनं?"

"कशावरूनच नाही. म्हणून पुन्हा खालून सगळं खोलणार. आज होणार नाही."

"अवस लागंल."

"लागू दे. अवस उद्या जाईल. हा बोअर गेला तर गेला."

आबांनी भेंड टपरीच्या फळीवर ठेवलं. हात धोतराला पुसला. "पयल्या मिस्त्रीनं," ते म्हणाले, "मला आजपातुर सांगितलं न्हाय इंजिन का गेलं. कवा म्हनला तेल खराब, कवा म्हनला नशीब खराब." मग मेहुण्याला म्हणाले, "गाडी हितंच ऱ्हाऊ दे."

आबा एसटीनं गेले. मेहुणा त्याच्या पिकअपनं गेला, जाताना हॉर्न वाजवून. मिस्त्रींची इंदापूरची गाडी पाचला होती. ती त्यांनी सोडली. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि जीपखाली शिरले. आम्ही चेंबर उतरवलं. प्रत्येक वाटेतून तार घातली, डिझेल मारलं, हवा मारली. मी भोकाचं नाव मोठ्यानं म्हणायचो, मिस्त्री "मोकळं" म्हणायचे, मग पुढचं. दुसरं भेंड निघालं नाही. जाताना मिस्त्री म्हणाले, "सांगाय नको होतंस." शर्टाची बटणं लावत म्हणाले, "पन तिसऱ्या दिशी मी यीन."

अवस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली, आणि आबा तिसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी अवस पाळली, मी त्यांना त्यावर एक शब्द बोललो नाही. त्यांचा हट्ट त्यांच्यापाशी, माझा माझ्यापाशी. मेहुणाही आला होता, बोलावलं नसताना. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. डबा उन्हात, पंप, दट्ट्या, रॉकरवरचे थेंब. मग केबल बांधून सेल्फ.

दहा सेकंद. काटा हलला नाही.

मेहुण्यानं नाकातून आवाज काढला. पुन्हा दहा सेकंद. सातव्या-आठव्या सेकंदाला काटा थरथरला, बसला, पुन्हा थरथरला, आणि मग कुणीतरी हळूच उचलावा तसा वर गेला. थांबला. उभा राहिला.

आबा सीटवर चढून बसले. नारळ फोडायचा मान मिस्त्रींना दिला. चावीला हात लावून आबांनी माझ्याकडं बघितलं.

"मारू का?"

"थांबा."

मी पुन्हा एकदा दाब बघितला. गरज नव्हती. पण मला तो बघायचा होता. मग केबल सोडली.

"मारा."

इंजिन पहिल्या फिरण्यात लागलं. खडखड नाही, काही नाही. मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ऐकत गेले. मग उठून फक्त म्हणाले, "वाजत न्हाय." त्यांच्याकडं सहा वर्षं जाऊन-येऊन मी एवढं मोठं कौतुक कधी ऐकलं नव्हतं.

गोष्ट मात्र पसरायची ती पसरलीच. इंजिन लागलं हे कुणी सांगितलं नाही, भेंड राहिलं हे सगळ्यांनी सांगितलं. कऱ्हाटीत, मार्केटात, एमआयडीसीच्या गेटवर मी भेंडवाला झालो. दोन महिने इंजिनाचं एकही काम आलं नाही. तेल बदलायला, क्लच ओढायला लोक यायचे आणि हळूच म्हणायचे, "आत काय ठिवू नका बरं का." वडिलांनी एकदा जेवताना विचारलं, "कशाला बोललास? तुझं तुला माहीत होतं, तेवढं पुरे होतं." मी म्हणालो, "तुम्ही कॅन धुवायचात, तेव्हा वास राहिला तर परत धुवायचात की झाकण लावायचात?" ते भाकरी मोडत राहिले.

तिसऱ्या महिन्यात मेहुणा आला. पिकअप घेऊन. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे इंजिन तेल जाळत होतं.

"दाजीनं पाठिवलंय," तो गाडीतूनच म्हणाला. "मला पटलंय म्हणून आलो न्हाय."

"पटायची अट नाही. थांबायची आहे."

"किती थांबायचं?"

"काटा उठेपर्यंत."

"आन उठलाच न्हाय तर?"

"तर परत खोलीन. काय सापडलं ते तुम्हाला दाखवीन. तुम्ही हसा."

त्यानं रस्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, एक शिवी दिली, बहुतेक पिकअपलाच, आणि गाडी आत घेतली.